मासा हातात आल्यानंतर

लहानपणी मासे गरवायला जायचे, तेव्हा मासा काठावर येऊन पडला की माझं काम संपायचं. पुढचं सगळं मोठी माणसं बघायची. गळ कसा सोडवतात, मासा मरतो कसा, एवढासा असेल तर परत सोडायचा की नाही हे कोण ठरवतं, यातलं काहीच माझ्यापर्यंत येत नव्हतं. मग शिक्षण, नोकरी, घर यात बरीच वर्षं पाण्याकाठी जाणंच सुटलं. चाळिशीत पुन्हा गरवावंसं वाटायला लागलं, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मोठी माणसं आता मीच होते. मासा काठावर आल्यावर मागे वळून बघितलं, तर तिथे कोणी असणार नव्हतं.

त्याच सुमारास माझ्या ओळखीतल्या एकानं शिकारीचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. तो राहतो त्या देशात शिकारीला कायद्यानं परवानगी आहे, पण आधी वर्ग करावा लागतो, परीक्षा द्यावी लागते. त्याच्याकडून ऐकताना मला नवल वाटलं ते या गोष्टीचं, की त्या वर्गात गोळी झाडण्यापेक्षा न झाडण्याबद्दलच जास्त शिकवतात. समोरचं जनावर नक्की कोणतं आहे, त्याच्या मागे काय आहे, गोळी आरपार गेली तर कुठे जाईल, हे कळेपर्यंत बोट ट्रिगरपासून लांब. नेम नक्की लागेल असं अंतर नसेल तर बंदूक खाली. जखमी जनावर पळालं तर त्याचा माग काढत जायचं, ते सापडेपर्यंत. न्यूयॉर्क राज्यानं कमी वयाच्या शिकाऱ्यांसाठी असं प्रशिक्षण १९४९ मध्येच सक्तीचं केलं होतं. गळाच्या बाबतीत मात्र बहुतेक ठिकाणी कोणी काही विचारत नाही. जर्मनीसारख्या देशात गळ टाकण्याआधी परीक्षा द्यावी लागते, पण तो अपवाद. मी ठरवलं की आपला वर्ग आपणच घ्यायचा. शिकाऱ्याला जे आधी शिकावं लागतं, ते मीही आधी शिकून घेईन आणि मगच गळ पाण्यात जाईल.

नियमांचं काम मी सगळ्यात आधी उरकलं. पाणी कोणाच्या अखत्यारीत आहे, परवाना लागतो का, विणीच्या काळात बंदी कधी असते, किती लांबीखालचा मासा ठेवता येत नाही, एका माणसाला किती रॉड चालतात. ही माहिती जागेगणिक बदलते, म्हणून ती त्या त्या पाण्याची जबाबदारी ज्या खात्याकडे आहे तिथूनच घ्यावी. काठावर ऐकलेली माहिती अनेकदा जुनी असते.

मग साधनं. लहानपणीची बांबूची काठी आणि तिच्या टोकाला बांधलेला दोरा यांनी आजही मासे मिळतात, पण मला थोडं लांब टाकायचं होतं. सव्वादोन मीटरच्या आसपासचा, मध्यम ताकदीचा एक रॉड आणि एक स्पिनिंग रील (रॉडवरचं, दोरी गुंडाळून ठेवणारं चाक), एवढ्यावर मी भागवलं. या रीलची मोठी गंमत आहे. जुन्या रीलमध्ये दोरी बाहेर जाताना अख्खं चाक फिरायचं, म्हणून हलकं वजन फार लांब जात नसे. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचे आल्फ्रेड इलिंगवर्थ कापडगिरण्यांच्या धंद्यातले. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत जसं टोकाकडून निसटत जातं, तशी दोरी रीलवरून का जाऊ नये, हा विचार त्यांनी केला आणि १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. चाक जागेवर स्थिर राहतं, दोरी त्याच्या कडेवरून सुटत जाते. आज नवशिका माणूस एका दुपारीत बऱ्यापैकी लांब टाकायला शिकतो, ते या एका कल्पनेमुळे.

रॉड कार्बनचा घ्यायचा की फायबरग्लासचा, यावर लोक तासन्‌तास बोलतात. कार्बन हलका असतो आणि दोरीवरची हालचाल हाताला चटकन जाणवते. फायबरग्लास जड, पण धसमुसळेपणा सहन करतो. मला त्यातली एकच गोष्ट फार महत्त्वाची वाटते आणि ती कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगते. कार्बनमधून वीज वाहते. ओला कार्बन रॉड घेऊन विजेच्या तारांखाली उभं राहणं किंवा ढग गडगडत असताना तो आभाळाकडे रोखून धरणं जिवावर बेतू शकतं. काठावर पोचल्यावर पाण्याआधी मान वर करून तारा बघायच्या, ही सवय मी मुद्दाम लावून घेतली.

दोरी म्हणजे नायलॉनचं तंगूस. नायलॉन १९३५ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ वॉलेस कॅरदर्स यांच्या प्रयोगशाळेत तयार झालं आणि काही वर्षांतच रेशमाच्या दोऱ्यांची जागा त्यानं घेतली. तंगूस ताणलं जातं, आणि हा ताण नवशिक्याच्या फायद्याचा असतो, कारण हाताचा हिसका माशाच्या तोंडापर्यंत पोचेस्तोवर बोथट होतो. वेणीसारखी विणलेली दोरी जवळजवळ ताणलीच जात नाही. ती बारीक असूनही फार मजबूत असते, पण तिच्यासाठी हात सरावलेला हवा. तंगूस उन्हानं कमकुवत होतं, म्हणून मी ते दर हंगामाला बदलते.

रीलवरचा ड्रॅग, म्हणजे माशानं जोर लावला की दोरी किती ओढ बसल्यावर सुटायला लागेल ते ठरवणारा स्क्रू, हा मला सगळ्यात उशिरा समजलेला भाग. साधा हिशोब असा की दोरी जेवढं वजन पेलते, त्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाच्या ओढीला ती रीलवरून सुटायला हवी. चार किलोची दोरी असेल तर सुमारे एक किलो. अंदाजानं न ठरवता स्प्रिंगचा वजनकाटा दोरीच्या टोकाला अडकवून ओढून बघायचं. ड्रॅग घट्ट असला तर दोरी तुटते आणि मासा तोंडात गळ घेऊन जातो. फारच सैल असला तर मासा खूप वेळ पळत राहतो आणि दमून अर्धमेला होतो. म्हणजे माशाच्या जिवाचा संबंध त्या छोट्याशा स्क्रूशी असतो. हे कळल्यावर मी घरून निघण्याआधी तो तपासल्याशिवाय निघत नाही.

गाठी मी रात्री दिव्याखाली बसून शिकले. पालोमार नावाची एक गाठ पुरते. दोरी दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून घ्यायची, त्या दुहेरी दोरीची एक साधी गाठ मारायची, राहिलेल्या फाशातून अख्खा गळ काढायचा आणि मग ओढायची. ओढण्याआधी ती थुंकीनं किंवा पाण्यानं ओली करायची, कारण कोरडं तंगूस स्वतःवर घासून तापतं आणि गाठीपाशीच कमजोर होतं. डोळे मिटून बांधता येईपर्यंत मी ती बांधत राहिले. संध्याकाळच्या अंधुक उजेडात, थंड बोटांनी, ती डोळे मिटूनच बांधायची वेळ येते.

टाकण्याचा सराव मोकळ्या मैदानात केला, गळाऐवजी रबराचा तुकडा बांधून. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ताकद लागत नाही. रॉडला आपल्या मागे वाकू द्यायचं आणि पुढे येताना नेमक्या क्षणी बोट सोडायचं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पाणी ओळखण्यात, आणि तो वेळ मला सगळ्यात प्रिय आहे. कितीतरी सकाळी मी रॉड न घेताच गेले. माशाला श्वासासाठी पाण्यातला प्राणवायू लागतो, अन्न लागतं, दडायला जागा लागते आणि फुकट दमायचं नसतं. या चार गरजा डोक्यात ठेवून पाण्याकडे बघितलं की रिकामं वाटणारं पाणी भरायला लागतं. वाहत्या पाण्यात वेगाची धार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासत जातात, ती रेघ बारकाईनं पाहिली तर डोळ्यांना दिसते. मासा त्या रेघेच्या संथ बाजूला उभा राहतो. धार अन्न घेऊन येते, आणि त्याला पोहण्याचे कष्ट पडत नाहीत. पाण्यातल्या दगडाच्या मागे पाणी मंदावतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण दगडाच्या पुढेही पाण्याची एक उशी तयार होते आणि तिथेही मासे उभे राहतात, हे मी स्वतः बघेपर्यंत मला पटलं नव्हतं. साचलेल्या पाण्यात वाऱ्याकडे बघायचं. वारा ज्या काठावर आदळतो, तिकडे वरचं पाणी आणि त्यावर तरंगणारं खाणं ढकललं जातं. त्या काठावर उभं राहून वाऱ्याच्या तोंडी गळ टाकणं त्रासाचं असतं, पण मासे तिकडे असतात.

उन्हाळ्यात मासे खोल पाण्यात जातात, असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. पाणी जितकं गार, तितका त्यात जास्त प्राणवायू मावतो. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात दर लिटरला सुमारे ११.३ मिलिग्रॅम, ३० अंशांना साधारण ७.५ मिलिग्रॅम. म्हणून खोल गार पाण्यात मासे सुखी असतील असं वाटतं. पण खोल तलावात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वरचं कोमट आणि हलकं, खालचं गार आणि जड, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. तळाशी कुजणारी पानं आणि गाळ खालच्या थरातला प्राणवायू खाऊन टाकतात, वरून नवा येत नाही. अशा वेळी तळाचं पाणी कितीही गार असलं तरी तिथे मासा राहू शकत नाही. तो दोन थरांच्या सीमेच्या जरा वर तरंगत असतो. दोरीला तापमापक बांधून मी हे थर मोजले. दोन हातांच्या अंतरात पाणी एकदम गार झालेलं कळतं, आणि मग दोरीवरचं तरंगणारं बूच किती खोलीला लावायचं हा प्रश्न आपोआप सुटतो.

काठावर कसं जायचं, हेही शिकावं लागलं. इथे शिकारीचा वर्ग केलेल्या त्या ओळखीच्या माणसाचं बोलणं कामी आलं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. तिचा कोन सुमारे ९७ अंशांचा असतो. त्या खिडकीच्या कडेला जमिनीलगतचं सगळं चेपून बसवलेलं असतं. पाण्याच्या पातळीपासून फार उंच नसलेली गोष्ट, म्हणजे वाकून किंवा बसून असलेला माणूस, त्या कडेच्या अस्पष्ट पट्टीत हरवून जातो. उभा राहिला की स्पष्ट दिसतो. आणि रोहू, कटला, कार्प, शिंगाळा या कुळांतल्या माशांना ऐकू फार चांगलं येतं. त्यांच्या पोटातली हवेची पिशवी आणि आतला कान यांना जोडणारी बारीक हाडांची एक साखळी असते. १८२० मध्ये ती पहिल्यांदा नीट वर्णन करणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञ वेबर यांचंच नाव तिला मिळालं. हवेची पिशवी कंप पकडते, हाडं तो कानाला पोचवतात. काठावर बोललेलं त्यांना फारसं कळत नाही, कारण हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुतेक परत फिरतो. पण जमिनीवर आपटलेली टाच आणि ठेवलेला डबा थेट पोचतो. त्यामुळे मी काठापासून थोडं लांबच सामान ठेवते आणि शेवटची काही पावलं वाकून जाते.

मोठेपणी मिळालेला पहिला मासा तळहाताहून थोडा मोठा कार्प होता. बूच आधी थरथरलं, मग आडवं झालं. कार्पच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. तो आमिष चावत नाही, पाण्यासकट ओढून घेतो आणि शंका आली तर तितक्याच चटकन बाहेर फेकतो. दोरीचं तळाशी टेकलेलं वजन त्यानं उचललं की बूच बुडण्याऐवजी वर येऊन लवंडतं. मी रॉड उचलला आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी जिवंत आहे, हे हाताला कळलं. तो अनुभव मला विसरायला झाला नव्हता. मासा जाळीत आला, आणि आता पुढचं सगळं माझ्याकडे होतं.

काठावर एक वयस्कर गृहस्थ नेहमी बसलेले असायचे. त्या दिवसापर्यंत आमचं बोलणं नमस्कारापलीकडे गेलं नव्हतं. ते उठून आले आणि म्हणाले, “ताई, आधी हात ओले करा.”

मी हात पाण्यात बुडवले. त्यांनी जाळी वर उचलू दिली नाही. “तो पाण्यातच असू द्या. तुम्ही खाली बसा.” मासा जाळीत, जाळी पाण्यात, आणि मी गुडघ्यांवर. त्यांनी दाखवलं तसा गळाचा दांडा चिमट्यात धरला, ज्या दिशेनं तो शिरला होता त्याच दिशेनं उलटा फिरवला आणि तो निघाला. मग मासा दोन्ही हातांत सरळ धरून ठेवायचा, पुढे-मागे हलवायचा नाही. कल्ल्यांमधून पाणी तोंडाकडून मागे जायला हवं, मागे ओढलं तर ते उलटं जातं. त्यानं शेपटी मारली आणि तो गेला.

“हात कशाला ओले करायचे, काका?” मी विचारलं.

“त्याच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो ना, ते त्याचं कातडंच समजा. कोरड्या हाताला तो चिकटून येतो. मग त्या जागेवर बुरशी धरते. आज पोहत गेलेला मासा आठवड्यानं मरतो, आणि आपल्याला वाटतं आपण सोडून दिला.”

त्यांच्या या शेवटच्या वाक्यानं मला वाचायला बसवलं. १९९२ मध्ये कॅनडातल्या दोन संशोधकांनी रेनबो ट्राउट माशांना प्रयोगशाळेत पूर्ण दमवलं, गळाला लागलेला मासा दमतो तसं. जे दमले पण पाण्याबाहेर काढले नाहीत, त्यांतले ८८ टक्के बारा तासांनंतर जिवंत होते. दमवल्यावर ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ६२ टक्के. एक मिनिट धरलेल्यांपैकी फक्त २८ टक्के. कल्ल्यांची पातळ पानं पाण्यात सुटी सुटी तरंगतात, हवेत ती एकमेकांना चिकटतात आणि श्वास बंद होतो. सगळे मासे ट्राउटइतके नाजूक नसतात, कार्प बराच काटक असतो. पण फोटोसाठी मासा हातात घेऊन हसत उभं राहायला किती वेळ लागतो, हे एकदा मोजून बघा. त्या आकड्यांनंतर मी फोटो काढायचे असतील तर मासा पाण्यात असतानाच काढते, आणि वर उचललाच तर माझा श्वास रोखून धरते. मला श्वास घ्यावासा वाटला की त्यालाही घ्यायचा असतो.

गळाचा उलटा काटा मी पक्कडीनं दाबून सपाट करते. दोरी ताणलेली ठेवली तर मासा सहसा सुटत नाही, आणि सोडवताना एका हालचालीत गळ निघतो. गळ घशात खोल गेला असेल तर तो उकरून काढायचा नाही. दोरी तोंडाजवळ कापायची आणि मासा सोडायचा. उकरण्यापेक्षा असे मासे जास्त जगतात. गळ गिळला जाऊ नये म्हणून वर्तुळासारखे वळलेले गळ मिळतात. त्यांचं टोक दांड्याकडे आत वळलेलं असतं, त्यामुळे ते घशात न रुतता ओढताना जबड्याच्या कोपऱ्यात अडकतात. त्यांना हिसका द्यायचा नसतो, नुसती दोरी ताणत न्यायची. जिवंत आमिष लावताना मी आता हेच वापरते.

पण सगळे मासे सोडायचे, तर मग गरवायचंच कशाला, हा प्रश्न मला टाळता आला नाही. २००३ मध्ये एडिंबरामधल्या संशोधकांनी ट्राउटच्या तोंडाभोवती इजेची जाणीव करून देणारे चेतातंतू दाखवले. मासा वेदना अनुभवतो म्हणजे नेमकं काय अनुभवतो, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. मला त्या भांडणाचा निकाल लागेपर्यंत थांबायची गरज वाटत नाही. इजा होते, घाबरगुंडी उडते, दम लागतो, एवढं डोळ्यांनी दिसतं. स्वित्झर्लंडनं २००९ पासून सोडून देण्याच्याच हेतूनं गळ टाकण्यावर बंदी घातली. त्यांचं म्हणणं, नुसत्या मौजेसाठी जनावराला त्रास का द्यायचा, पकडायचा तर खाण्यासाठी पकडा. दुसरीकडे अनेक पाण्यांवर याच्या उलट नियम आहे, प्रत्येक मासा सोडलाच पाहिजे. दोन्हीमागे माशाचीच काळजी आहे. मी मधला रस्ता घेतला. मी खाण्यासाठी गरवते, नियमात बसणारे आणि घरी संपतील तेवढेच ठेवते, आणि तेवढे झाले की रॉड गुंडाळते. सोडावे लागतात ते मासे नियमापेक्षा लहान किंवा मला नको त्या जातीचे असतात. म्हणजे ठेवायचा मासा मला स्वतः मारायला हवा होता.

ते शिकणं सोपं नव्हतं. बादलीत किंवा पिशवीत टाकून दिलेला मासा कितीतरी वेळ तडफडतो. ही पद्धत सगळीकडे दिसते, आणि ती मला आता बघवत नाही. काकांनी त्यांच्या माशावर दाखवलं. मासा ओल्या कापडावर ठेवायचा, एका हातानं घट्ट धरायचा आणि जाड दांडक्यानं डोळ्यांच्या जरा मागे, डोक्यावर, दोन जोरदार घाव. “हळू मारायचं नाही. दया येत असेल तर जोरात मारा,” ते म्हणाले. मग मासा बाजूला कलता करून डोळा बघायचा. शुद्धीवर असलेला मासा अंग कलतं केलं तरी डोळा सरळ ठेवायला बघतो. शुद्ध गेली की डोळा अंगाबरोबर फिरतो. कल्ल्यांवरच्या झाकणाची लयीतली उघडझापही थांबते. दोन्ही बघितल्यावरच कल्ल्यांपाशी काप देऊन रक्त जाऊ द्यायचं आणि मासा थंडीत ठेवायचा.

माझा पहिला घाव बसला तेव्हा हात थरथरत होता, पण घाव नीट बसला. डोळा फिरला. मी बराच वेळ तिथेच बसून राहिले आणि काका काही बोलले नाहीत. लहानपणी मी किती मासे खाल्ले असतील, त्यातला हा पहिला ज्याचा मृत्यू मी बघितला होता आणि घडवला होता. मला वाईट वाटलं, आणि ते वाटायलाच हवं होतं असं मला आजही वाटतं. शिकारीच्या वर्गात सांगतात की जनावराजवळ गेल्यावर आधी ते मेलं आहे याची खात्री करा, आनंद नंतर. गळ टाकणाऱ्यालाही हे पहिल्या दिवशी सांगायला हवं.

जपानमध्ये याच्याही पुढची पद्धत आहे. तिला इकेजिमे म्हणतात. टोकदार सळईनं मेंदू एका क्षणात निकामी करतात, रक्त काढतात आणि कण्याच्या पोकळीतून बारीक तार घालून मज्जारज्जूही निकामी करतात. तडफड झाली नाही की स्नायूंमधली ऊर्जा साठून राहते, मासा ताठ व्हायला उशीर लागतो आणि मांस जास्त चांगलं टिकतं. मी मेंदूपर्यंतचा भाग शिकते आहे. प्रत्येक जातीत मेंदूची जागा थोडी वेगळी असते, म्हणून खाण्यासाठी मारलेल्या माशाची डोकी उघडून ती जागा बघून ठेवते.

कोणता मासा ठेवायचा, याबद्दल माझं मत पूर्ण बदललं. मोठा मासा मिळाला की आधी तोच ठेवावासा वाटतो. पण २०१८ मध्ये ३४२ जातींच्या समुद्री माशांवरचा एक अभ्यास आला. त्यातला एक हिशोब मला पाठ झाला आहे: ३० किलोची एक कॉड मादी जेवढी अंडी घालते, तेवढी घालायला दोन किलोच्या २८ माद्या लागतात. वजनाच्या हिशोबानं २८ माद्या म्हणजे ५६ किलो. म्हणजे मोठी मादी आपल्या वजनाच्या मानानंही कितीतरी जास्त देते. म्हणूनच काही पाण्यांवर लहान आणि फार मोठे दोन्ही सोडायचे आणि मधल्या मापाचे तेवढे ठेवायचे, असा नियम असतो. जिथे तो नाही तिथेही मी तो पाळते. फार मोठा मासा लागला की मी त्याला जाळीतच बघून घेते आणि सोडते.

तुटलेलं तंगूस मी खिशात घालून घरी आणते, इतरांनी टाकलेलंही. पक्ष्यांच्या पायांना ते गुंडाळलं जातं आणि सुटत नाही. शिशाऐवजी टंगस्टन किंवा पोलादाची वजनं वापरते. ब्रिटनमध्ये काठावर पडलेल्या शिशाच्या बारीक गोळ्या दळणासाठीचे खडे समजून हंस गिळायचे आणि विषबाधेनं मरायचे, म्हणून १९८७ मध्ये तिथे बहुतेक मापांच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली.

आता पुढच्या हंगामात फ्लाय फिशिंग शिकायचं आहे. त्यात किड्यासारख्या दिसणाऱ्या नकली आमिषाला जवळजवळ वजनच नसतं. वजन दोरीत असतं आणि टाकायची ती दोरीच. गळ बहुतेकदा ओठालाच लागतो, म्हणून सोडवणंही सोपं. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, “मला पण शिकवा. नुसत्या दोरीचं वजन कसं जातं ते बघायचंय मला.” त्यांच्यासाठीही एक रॉड शोधायला घेतला आहे, जरा हलका, कारण त्यांचा खांदा दुखतो.